बैलगाडीने समुद्रपूर

४ जानेवारी, सकाळ
मोबाईलवर पाहिले, जगातले तेल संपत आले आहे. गावात कोणालाच काळजी नाही. मी ठरवले, आजपासून गॅस बंद, मोटारसायकल बंद. सिलेंडर शेजारच्या डोमाजीकडे ठेवायला दिला. बायकोला, देवकाबाईला समजावले, माझ्या आईच्या वेळी कुठे गॅस होता? ती म्हणाली, "तवा तुमी पाणी तरी भरून देत होते." विषय सोडून बोलायची तिला सवय आहे.

५ जानेवारी
चूल पेटली. वावरातल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या जळायला फुकट. धूर थोडा झाला. मी अंगणात बसलो, कारण मला खोकला आहे.

८ जानेवारी
वीजसुद्धा कोळशाची असते म्हणे. मेन स्विच पाडला. मोबाईल डोमाजीकडे चार्जिंगला. ती वीज त्याची, त्यात आपला दोष नाही.

११ जानेवारी
देवकाबाई समुद्रपूरला गेली, मुलीकडे. एसटीने, म्हणजे डिझेलवर. मुद्दाम. दिवाळीत तिच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा डॉक्टरने धूर टाळा म्हटले होते. पण पऱ्हाटीचा असे स्पष्ट म्हटले नव्हते. जाताना म्हणाली, "गॅस जोडा, मंग न्यायले या." पहिला भाग मी नीट ऐकला नाही.

१३ जानेवारी
भिजवलेले पोहे. चूल पेटत नाही, पऱ्हाट्या दमट असाव्यात. हलके खाणे या वयात बरे. घरात आवाज नाही. कोणाशी तरी वाद घालावासा वाटतो.

१५ जानेवारी
मुलीचा, वर्षालीचा फोन. म्हणाली, आईचा डोळा अजून लाल हाय, पण रोज तुमचंच विचारते बाबा, या ना. मी सांगितले, उद्या येतो. बैलगाडीने.

१६ जानेवारी, पहाटे
डोमाजीचे बैल जुंपले. तो म्हणाला, "भाऊ, हे डवऱ्याचे बैल हायेत. वावराबाहेर गेलेच नाई कधी." मी म्हटले, बैल तो बैल.

१६ जानेवारी, दुपार
बैल झकास निघाले. डोमाजीच्या वावराच्या लांबीएवढे गेले आणि आपोआप वळले. डवरताना, पिकातले तण काढताना, तेवढ्यावर धुरा म्हणजे वावराचा बांध लागतो. मी त्यांचे तोंड फिरवले. तेवढेच गेले, वळले. पुन्हा फिरवले. दुपारपर्यंत वेशीबाहेरचा डांबरी रस्ता डवरून झाला. डोमाजी पिकअप घेऊन गुरांसाठी सरकीची ढेप आणायला समुद्रपूरला चालला होता. हसून म्हणाला, "निंदण पण काहाडता का, भाऊ?" बैल घराकडे तोंड करून सोडले, लगेच गेले. मी पिकअपमध्ये बसलो. ती जाणारच होती. माझ्यामुळे डिझेल जास्त लागत नाही.

१६ जानेवारी, संध्याकाळ, समुद्रपूर
देवकाबाई पिशवी भरून दारात. पहिला प्रश्न, गॅस जोडला? मी म्हटले, आधी चहा होऊ दे. वर्षालीने गॅसवर केला. मुलीच्या घरी आपले नियम चालवू नयेत. देवकाबाईने पिशवी आत नेऊन ठेवली.

१९ जानेवारी
गीझरचे पाणी चांगले असते. गुडघ्याला फरक आहे. तत्त्व घरी गेल्यावर.

२१ जानेवारी
देवकाबाईचा डोळा निवळला. म्हणाली, चला, जाऊन सिलेंडर आणू. मी म्हटले, अगोदर थंडी जाऊ दे. ती सकाळच्या एसटीने एकटीच गेली.

२४ जानेवारी
आज फोन लावला. म्हणाली, गॅस जोडला, लाईट लावला, चूल बुजवून टाकली. मी विचारले, परवा येऊ का? ती म्हणाली, "काऊन? घाई काय हाय? राहा ना आरामात."
मागून टीव्हीचा आवाज येत होता.