नऊ नंबरची उंची

३ फेब्रुवारी
आज कळसला पोचले. हिंदुराव आबांनी दारातच उसाच्या रसाचा पेला हातात ठेवला. प्रवासाचा शीण तिथंच गेला. मग बाहुल्या दाखवल्या: एकतीस, सगळ्या फ्रेंच, शंभर-सव्वाशे वर्षांच्या, लिलावांतून एकेक करून जमवलेल्या. चेहरे बिस्कचे, म्हणजे बिनचकाकीच्या भाजलेल्या चिनीमातीचे. गालाला बोट लावलं तर सायीसारखं वाटतं. प्रत्येक साफ करून, मोजून, यादी करायची. महिनाभराचं काम. किती मजा येणार आहे!

६ फेब्रुवारी
यादीतली नऊ नंबरची बाहुली सगळ्यांत मोठी, ८४ सेंटिमीटर. आबांची चार वर्षांची नात छकुली दिवसभर तिच्याच कपाटापाशी बसते. आई-वडील बारामती एमआयडीसीत कामाला, म्हणून ती आजोबांकडे. स्वयंपाकाच्या चंद्राबाई आज हळूच म्हणाल्या, "सोनलताई, पोरीला तितं बसू दिऊ नगा." का, ते सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी
फोटोआधी पुन्हा मोजलं. नऊ नंबर ८८. टेप बदलला. ८८च. छकुलीचा फ्रॉक सारखा खांद्यावरून घसरत होता.

११ फेब्रुवारी
चंद्राबाईंनी चौकटीवरची पेन्सिलची खूण दाखवली. दिवाळीत छकुली तेवढी होती. आज डोकं खुणेच्या चार बोटं खाली. आबांना सांगितलं. ते नऊ नंबरचे केस विंचरत होते. "जुनी चीज हाय," म्हणाले, "तिला माणूस लागतंच." आणि विंचरत राहिले.

१२ फेब्रुवारी
भर दुपारी नऊ नंबर फोडायला घेतली. हातोडीचा पहिला घाव करंगळीवर — अंगणात छकुली किंचाळली. तिच्या करंगळीतून रक्त. फोडताही येत नाही.

१३ फेब्रुवारी, एसटीत
आबा रानात गेल्यावर निघाले. छकुली डोक्यावरून गोधडी घेऊन निजली होती, तशीच उचलली. तिच्या आईकडे नेतेय. मांडीवर आहे. अजून एक शब्द बोललेली नाही. फार गार लागतेय —

चंद्राबाईंचा फोन. रडत होत्या. छकुली कपाटात सापडली, काचेआड. पाणी मागतेय. "मग तुमी कुणाला नेलं, ताई?"

गोधडी उघडायची हिंमत —

माझी बाही बोटांवरून पुढं आलीय. मघाशी माझे पाय खाली टेकत होते, आता —

कंडक्टरला हाक मारली. आवाज बारीक, त्याला ऐकूच —

गोधडीतून हात आला. माझं मनगट धरलंय. पेन सुट