बिनपंख्याच्या संगणकाबद्दल ताईस

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

सर्वांत ताजी बातमी आधी देतो, म्हणजे बाकीचं पत्र तू सवडीनं वाचलंस तरी चालेल. मी घरी, स्वतःच्या हातांनी जोडलेला बिनपंख्याचा संगणक अजिबात आवाज करत नाही. हे मी म्हणत नाही. माझ्या म्हणण्याला या घरात काय किंमत आहे ते तुला ठाऊकच आहे. आज सकाळी पुस्तकं रेकॉर्ड करून घेणाऱ्या एका संस्थेतले रेकॉर्डिस्ट स्वतः घरी आले, त्यांनी कानांना हेडफोन लावले, हातातला माइक संगणकाच्या चारी बाजूंनी फिरवला, शेवटी गुडघे टेकून पेटीला कान लावला आणि मला विचारलं, "काका, हा चालू आहे ना?" चालू होता, ताई! सहा आठवड्यांच्या मेहनतीला याहून मोठी पावती कोण देणार?

तू कशी आहेस? गुडघे काय म्हणतात? जिना दिवसातून एकदाच चढायचा, असं डॉक्टरांनी सांगितलंय ते पाळतेस ना? भावजींचा रक्तदाब आता ताळ्यावर असेल अशी आशा आहे. (मागच्या वेळी मी आलो होतो तेव्हा तो वाढला होता. त्याचा आणि मी दुरुस्त केलेल्या तुमच्या दारावरच्या बेलचा काही संबंध नाही, हे मी इथे पुन्हा एकदा लिहून ठेवतो.) आम्ही सगळे बरे आहोत. सासूबाईंची भूक उत्तम आहे, ऐकू येणं आहे तसंच आहे.

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. तुझी भावजय शाळेतून निवृत्त झाली आणि अठ्ठावीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या तिच्या आवाजाला काम उरलं नाही. घरात आम्ही दोनच श्रोते. त्यातल्या सासूबाईंना ऐकू येत नाही आणि मी ऐकत नाही, असं तिचं म्हणणं. अशात दृष्टिहीन मुलांसाठी पाठ्यपुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका संस्थेनं तिला नववीच्या विज्ञानाचं पुस्तक दिलं. बारा धडे, घरी बसून वाचायचे आणि संगणकावर रेकॉर्ड करून पाठवायचे. ती किती खूश झाली म्हणून सांगू! पुस्तकात पेन्सिलीनं खुणा केल्या, कुठे थांबायचं, कुठे आकृती शब्दांत समजावून सांगायची. पहिले तीन धडे पाठवले आणि आठवड्यानं ते परत आले. सोबत चिठ्ठी: वाचन उत्तम, पण मागे सतत घुरघुर आहे, कृपया पुन्हा करावे. मुलांची परीक्षा आहे, त्यामुळे दोन महिन्यांत, म्हणजे आता येत्या शनिवारपर्यंत बाराही धडे स्वच्छ मिळाले नाहीत तर पुस्तक दुसऱ्या बाईंकडे जाणार. (या बाई पचनसंस्था आणि प्रकाशाचं परावर्तन दोन्ही एकाच शोकाकुल सुरात वाचतात म्हणे.)  चिठ्ठी वाचून हिनं पुस्तक मिटलं आणि कपाटाच्या वर ठेवलं, जिथे आम्ही न लागणाऱ्या वस्तू ठेवतो.

ते मला पाहवलं नाही. घुरघुर म्हटल्यावर माझी नजर आमच्या जुन्या संगणकाच्या पंख्याकडे गेली. सुट्टे भाग विकणारा दुकानदार म्हणाला की त्यात चांगल्यातला नवा पंखा बसवा, पंधरा मिनिटांचं काम आहे. त्या दिवसापासून मी त्या दुकानात जाणं सोडलं. पंधरा मिनिटांत सुटणाऱ्या प्रश्नाला कोण हात घालतो?

इंटरनेटवर बिनपंख्याचे संगणक जोडणाऱ्या हौशी मंडळींचा एक गट आहे, त्याचा मी सभासद झालो. गटाच्या प्रमुखांना सगळे मौनीबाबा म्हणतात. शांततेचं महत्त्व या एका विषयावर त्यांनी मला सहा आठवड्यांत दोनशेच्या वर निरोप पाठवले. इथले लोक आपापल्या संगणकांचे फोटो टाकतात, त्यांचा आवाज मोजतात आणि मोजायचं यंत्र किंचित गुणगुणतं म्हणून ते शेजारच्या खोलीत ठेवतात. मी असताना एकानं सहज विचारलं, या संगणकांवर तुम्ही काम काय करता? त्याला गटातून काढून टाकलं. यंत्राचं तत्त्व मात्र सोपं आहे. एरवी संगणकाचा मेंदू तापला की पंखा त्याला वारा घालतो. इथे तांब्याच्या नळ्या ती उष्णता उचलून बाहेरच्या जाड ॲल्युमिनियमच्या पेटीला देतात, आणि पेटीच्या अंगावरच्या उभ्या पात्यांमधून ती हवेत निघून जाते. थोडक्यात, पेटीच तापते आणि पेटीच निवते. पेटीचं वजन अकरा किलो. ती आत आणताना मला आणि कुरिअरवाल्याला दोघांनाही मध्येच बसावं लागलं.

जोडणी जेवणाच्या टेबलावर चार दिवस चालली. (आम्ही त्या काळात ताटं मांडीवर घेऊन जेवलो. ही एकदाच म्हणाली, "अहो, याला जेवायला वाढू का?") मेंदू आणि तांब्याची पट्टी यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट लावतात, म्हणजे उष्णता नीट पलीकडे जाते. ती किती लावायची यावरून गटात दोन तट आहेत, वाटाण्याएवढी म्हणणारे आणि तांदळाएवढी म्हणणारे. ते एकमेकांशी गेली कित्येक वर्षं बोलत नाहीत, आणि शांततेच्या उपासकांना ते शोभूनही दिसतं. मी वाटाण्याएवढी लावून चहा घ्यायला उठलो, तेवढ्यात काहीतरी सांडलंय असं समजून सासूबाईंनी ती ओल्या फडक्यानं पुसून घेतली. दुसरा वाटाणा लावला आणि पहाऱ्याला बसलो. चालू करताना होणारा टीक असा आवाज आणि पुढचा हिरवा दिवा, हे दोन्ही मी मौनीबाबांच्या सल्ल्यानं काढून टाकले. दिवा म्हणजे डोळ्यांना होणारा आवाजच, असं ते म्हणतात. मला तेव्हा ते फार पटलं होतं.

संगणक टेबलाखाली ठेवला, बटण दाबलं, आणि काहीच ऐकू आलं नाही. पण मोठे साहेब रजेवर गेले की कचेरीतले बाकीचे जसे बोलायला लागतात, तसे घरातले इतर आवाज एकेक करून पुढे आले. भिंतीवरचं घड्याळ ठोक्यागणिक टोचायला लागलं. त्याचा सेल काढला. (तेव्हापासून आमच्याकडे चार वाजून वीस मिनिटं झालेली आहेत.) फ्रिज सासूबाईंच्या खोलीत नेला, त्यांना आता थंड पाणी उशाशी मिळतं. छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. सासूबाईंना मोठ्या कौतुकानं विचारलं, कसा वाटतो नवा संगणक? त्या म्हणाल्या, "मला तर जुन्याचाही आवाज येत नव्हता. उगाच बदललात."

पहिलं रेकॉर्डिंग सुरू झालं. मी तांत्रिक प्रमुख या नात्यानं हिच्या शेजारी स्टुलावर बसलो. धडा नेमका उष्णतेचा होता. काय वाचते गं ताई ही! उष्णतेचं वहन म्हणजे काय, ते मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. चाळीस मिनिटं एका दमात, एकही शब्द न अडखळता. धडा संपवून तिनं घाम पुसला, माझ्याकडे पाहून हसली, आणि मी स्क्रीन चालू करायला गेलो. (स्क्रीनचाही सूक्ष्म आवाज येतो म्हणून वाचताना ती बंद ठेवायची, हाही मौनीबाबांचाच सल्ला.) संगणक सातव्या मिनिटालाच तापून बंद पडला होता. ना पंखा थांबल्याचा आवाज, ना दिवा विझल्याची खूण. गेला तो इतक्या सभ्यपणे गेला, की पुढची तेहतीस मिनिटं आम्ही दोघं एका रिकाम्या पेटीला उष्णता शिकवत होतो. ही उठली. दारापाशी थांबून शांतपणे म्हणाली, "तुम्ही तरी ऐकत होतात ना?" आणि आत गेली. तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी टेबलाखाली वाकलो तर संगणकानं झगा घातलेला. आमच्याकडे मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन, सगळ्यांना कापडी कव्हरं आहेत, हे तू पाहिलंयस. सासूबाईंनी धूळ बसू नये म्हणून जुन्या पडद्याचं, आतून कापसाचं अस्तर लावलेलं, खाली झालर असलेलं कव्हर शिवून सकाळीच घालून ठेवलं होतं. पेटीला हवा लागली नाही तर ती निवणार कशी, हे मी त्यांच्या कानात मोठ्यानं समजावलं. "मिक्सरनं कधी तक्रार केली नाही," एवढंच म्हणून त्या दुखावल्या आणि दोन दिवस माझ्याशी खुणांनी बोलल्या.

पण कव्हर काढूनही संगणक दहाव्या मिनिटाला बंद! मौनीबाबांनी सगळं खोलून आतला फोटो पाठवायला सांगितलं. खोललं. आता हे फक्त तुलाच सांगतो, कारण तुलाच समजेल. नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, ही आपल्या माहेरची शिस्त. बाबांचा रेडिओ वीस वर्षं पिशवीतून बातम्या देत होता. तुझ्या लग्नातली सूटकेस तू अजून त्याच वेष्टनात वापरतेस, असं भावजी सांगतात. तर तांब्याच्या पट्टीवर एक पातळ पारदर्शक प्लॅस्टिक असतं, त्यावर लाल अक्षरांत, चार भाषांत लिहिलेलं असतं की वापरण्यापूर्वी हे काढा. ते मी काढलं नव्हतंच, उलट बुडबुडे राहू नयेत म्हणून अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबून घट्ट बसवलं होतं, आणि त्यावर वाटाणा लावला होता. फोटो पाठवला. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच मौनीबाबांनी मौन पाळलं.

प्लॅस्टिक काढलं (ते टाकवलं नाही, टीव्हीच्या रिमोटला लावलंय) आणि संगणक व्यवस्थित चालायला लागला. दुपारी जरा तापतो, म्हणून समोर टेबलफॅन लावून ठेवतो. पण तो टेबलफॅन संगणकाचा भाग नाही, खोलीचा आहे, हे कृपया भावजींना समजावून सांग. रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंदच असतो. शनिवारला आता मोजके दिवस उरलेत. हिनं पुस्तक कपाटावरून खाली काढलंय. नव्यानं वाचलेला पहिला धडा संस्थेकडे गेला, आणि तो ऐकूनच रेकॉर्डिस्ट आज आपणहून आमच्या घरी आले. पुढचं वर लिहिलंच आहे.

भावजींना नमस्कार. जिना चढू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. रेकॉर्डिस्ट आपणहून का आले, ते वर लिहायचं राहिलं. नव्या धड्यातही घुरघुर होती. संगणक निर्दोष ठरल्यावर त्यांनी आम्हाला रोजच्यासारखं बसायला सांगितलं. ही वाचायला लागली, मी स्टुलावर, ते हेडफोन लावून डोळे मिटून. दोन मिनिटांनी त्यांनी मला पाणी आणायला पाठवलं. परत आलो तर थोड्या वेळानं पुन्हा पाणी. मग आणखी एकदा. माणूस सज्जन आहे, तीनही ग्लास ते शेवटपर्यंत प्यायले आणि मगच त्यांनी विचारलं, "काका, नाकाचं हाड वाढलंय का तुमचं?" जुने तीन धडे झाले तेव्हाही मी तिथेच बसलो होतो. तेव्हा तांत्रिक प्रमुख वगैरे कोणी नव्हतो, नुसताच ऐकत बसायचो. मला बरं वाटायचं.

आणखी एक. दुसऱ्या खोलीत बसून पाहिलं. भिंतीतून येतं. सासूबाई सोडून सगळ्यांना ऐकू जातं. तेव्हा शनिवारपर्यंत तुमच्याकडे आलो तर चालेल का? माझा काही त्रास होणार नाही.

ताई, नमस्कार. यांनी हे पत्र बंद करायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी माझ्या. मला सलग चार दिवस मिळाले तर सगळे धडे होतात. काल हे भाजी आणायला गेले तेवढ्यात अर्धा धडा झाला, आणि रेकॉर्डिस्ट म्हणाले की तो अगदी स्वच्छ आहे. हे शेजारी बसलेले मलाही आवडतात, पण तसं यांना सांगू नका, लगेच परत येतील. पत्र टपालानं पाठवत नाहीये, यांच्याच हाती देते आहे, म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा ते समोर पाणी पीत बसलेले असतील आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागते. आल्यावर पहिल्या तासाभरातच त्यांना तुमच्या घरातला कसला तरी आवाज ऐकू येईल. कसलाही असो, आम्हाला तो आवडतो असं दोघांनीही ठामपणे सांगा.