जुन्या वळणाचा जंतू

रिठद, गुरुवार

सौभाग्यवती गोमतीबाईस प्रयागबाईचा आशीर्वाद. (तू मले मोठी बहीण मानत नसशील तरी ठेवून घे, आशीर्वादाचं काही वजन होत नाही.) तुहे गुडघे कसे हायेत? नातसुनेले कितवा महिना लागला? आमी सारे खुशाल. तुहे भाऊजीही खुशाल, माकडाइनं टिनावर उड्या मारल्या म्हणून सकाळपासून त्याइच्यासंग भांडून राह्यले. आजच्या काळात पत्र काहून लिहिलं म्हणशील, तं तू दोन वर्षांपासून माहा फोन उचलत नाही. विकास म्हणे, आजी, मावशीआजीनं तुले ब्लॉक केलं. मले वाटलं तुमच्या मानोऱ्याचा टावरच पडला.

आता खुशखबर आयक. आपली मंजुषा (माही नात, विकासची बहीण, लहानपणी माती खाये तीच) नागपूरच्या प्रयोगशाळेत वंशावळ लिहून राह्यली. माणसाची नाही वो, पोटातल्या जंतूची! त्याची माय कोण, आजी कोण, भाऊबंद कोण्या गावी नांदतात, सारं. मी म्हणलं, काहून बाई, त्याचं लगन जमवाचं हाय का? तं हासली नाही. म्हणे, एका जंतूचे दोन होतात तवा तो आपल्या अंगातली सारी लिखावट उतरवते, अन् उतरवता उतरवता एखादं अक्षर चुकते. मंग त्याची लेकरं तेच चुकलेलं अक्षर पुढं उतरवतात. ज्याइची चूक एक, त्याइचं घर एक. मले तं लगेच समजलं. तुले आठवते का, दुसरीत (मी मोठी असून तुह्याच वर्गात होती, ते राहू दे) तू पाटीवर कमळाचं कळम लिहिलं, म्हणून मीही कळम लिहिलं, अन् गुरुजीनं दोघीइले उभं केलं. साऱ्या वर्गात कळम आपल्या दोघीइचंच! हे सांगतलं तं मंजुषा खुर्चीवरून उठली. म्हणे, आजी, एवढंच समजाले मले पाच वर्षं लागले.

आता बारशाची गोष्ट काढतो, पण पत्र फाडू नको. विकासच्या पोरीच्या, संस्कृतीच्या, बारशाले तू मानोऱ्याहून दोन बादल्या आमरस आणला होता. बारा-पंधरा दिवसांनी इकडं सतरा जण मुदतीच्या तापानं (डॉक्टर टायफॉइड म्हणतात तो) आडवे झाले, अन् मी दवाखान्यात चार लोकाइसमोर म्हणलं का मानोऱ्याच्या रसानं घात केला. चार लोकाइसमोरच नाही म्हणा. पीठगिरणीवर म्हणलं, शिरपूरच्या बसस्टॉपवर म्हणलं, एका कंडक्टरले तं त्यानं इचारलं नसतानाही सांगतलं. तं त्या सतरा जणाइच्या रक्तातले जंतू दवाखान्यानं बर्फात ठेवले होते. मंजुषानं ते यंदा वाचले, अन् तुमच्याकडच्या तापाच्या जंतूसंग ताडून पाह्यले. काहीच नातं नाही! सात पिढ्यांत सोयरिक नाही. रस निर्दोष सुटला, बाई. म्हणून मी तुले मोठ्या मनानं माफ केलं. (तुहे भाऊजी तवा तीन वाट्या रस पेले होते अन् त्याइले शिंकही आली नाही, हे त्याइनं तवाच सांगतलं होतं. पण त्याइचं आयकाची आपल्या घरात पद्धत नाही.)

अन् खरा आनंद पुढंच हाय. आमच्याकडचा हा जंतू आजकालचा नाहीच! आजकालचे जंतू लय माजले, कोणत्याच दवाईले जुमानत नाहीत. हा साठ वर्षं जुना, दवाया एवढ्या निघाल्या नव्हत्या तवाचा, गोळी दाखवली का मुकाट्यानं जाणारा. मंजुषाच्या साहेबाइनं टाळ्या वाजवल्या म्हणे, असा जुन्या वळणाचा जंतू त्याइले कुठं भेटला नव्हता. एवढी वर्षं तो कोणाच्या तरी पित्ताच्या पिशवीत गपचूप बसून होता. त्या माणसाले ना ताप, ना दुखणं, पण त्याच्या हातचं खाल्लं का दुसऱ्याले ताप. कोणाच्या पिशवीत, ते कागद भरत आला म्हणून लिहीत नाही.

नातसुनेले जप. मोठ्याइले नमस्कार, लहानाइचे मुके.

तुही बहीण
प्रयाग

ता. क. कागदाच्या मांगं जागा निघाली. ते पित्त माहं हाय. बारशाचा मठ्ठा मीच हातानं ढवळला होता. गावातल्या बावीस म्हाताऱ्याइची तपासणी झाली, त्यात एकटी मी निघाली. सतराही जणाइच्या दारी जाऊन हात जोडून आली. चहा साऱ्याइनं पाजला, माह्या घरी चहाले कोणी येतो म्हणलं नाही. तुह्याही दारी येणार होती, गोमते. पण तू दार उघडशील का नाही, हे कोण्या प्रयोगशाळेत समजत नाही. चुकली मी.

आणखीन ता. क. आपल्याले ताप एकाच वर्षी आला होता, माय दोघीइले एकाच ताटात पेज वाढे. मंजुषा म्हणते माहा जंतू तवाचा. मंग त्याचा भाऊ तुह्या पोटात बसला असंन तं? नातसुनेचं लेकरू घरात याच्या आधी पाह्यलं पाह्यजे, या पत्राचं खरं कारण हेच. सोबत पांढऱ्या झाकणाची डबी धाडली हाय. कुंकवाची समजून देव्हाऱ्यात ठेवू नको. सकाळी तिच्यात काय भराचं ते तूच समज, मले लिहाले लाज वाटते. मंजुषा रविवारी घ्याले येईन.

शेवटचं. माह्या गोळ्या महिनाभर हायेत. त्या संपून पुन्हा तपासणी होईपर्यंत मले स्वयंपाकाले हात लावू देत नाहीत, भाकरी तुहे भाऊजी थापून राह्यले. तुह्या डबीचा कागद आला का तू इकडं ये, रागातच ये. तुही डबी चांगली निघाली तं स्वयंपाक तू कर. नाही निघाली तं दोघी बहिणी पाटावर बसू अन् भाऊजीच्या भाकरीले नावं ठेवू.