हुबळीच्या विमानाचा तपास

शिरूर कासार

तीर्थस्वरूप अर्जुनमामांच्या पायांवर डोकं ठेवून रामकिसनचा नमस्कार. मामींच्या गुडघ्याची सूज उतरली असेल अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक. म्हशी चारा छावणीत गेल्यापासून आईला घरात करमत नाही, त्यामुळे डबा छावणीत पोचवावा लागतो (म्हशींचा नव्हे, आईचा). दूध सोसायटीत दूधच येत नाही, म्हणून सेक्रेटरींनी मला सुट्टी दिली आणि मी तुमचं काम करून आलो! मामा, फार मोठी बातमी आहे, बसून वाचा.

आपल्या शिवकन्येसाठी मध्यस्थ सुंदररावांनी हुबळीकडच्या साखर कारखान्यातला केमिस्ट आणला. एवढ्या लांब पोर द्यायची कशी, म्हणून तुम्ही अडलात. तेव्हा त्यांनी मोबाइल तुमच्या नाकापुढे धरला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: औरंगाबाद विमानतळ ते हुबळी विमानतळ, पाचशे किलोमीटर, सव्वा तास. "चहा उकळंपर्यंत पोर माहेरी!" हे त्यांचे शब्द. तुम्ही मला म्हणालात, खरंखोटं बघून ये, मग रविवारी सुपारी फोडू.

आधी मी शाळेच्या नकाशावर दोऱ्याने अंतर मोजलं (दोरा गोधडीचा, तो ताणला जातो, म्हणून पुन्हा मोजलं). पाचशेच भरलं. तिसऱ्यांदा मोजलं, तरी पाचशेच. मग थेट औरंगाबादचं विमानतळ गाठलं. विमानाचा प्रवास म्हणजे लांबचाच असणार, असा हिशोब करून आईने आठवडाभराच्या भाकरी बांधल्या होत्या. दारावरच्या शिपायाने तिकीट मागितलं. मी म्हटलं, जायचं नाही, फक्त विचारायचं आहे. त्याने बोचकं उघडायला लावलं, ठेचा हुंगला, आणि त्याचा चेहराच पालटला. "कुठला रं तू?" तो आपल्या आष्टीचा निघाला! नाव उत्तरेश्वर. त्याची जेवायची सुट्टी झाल्यावर आम्ही लिंबाखाली बसलो. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "हुबळीला इथून इमानच न्हाई. आधी मुंबईला जायचं, तिथं बसून ऱ्हायचं, मंग दुसरं धरायचं." मग मोबाइलमधला सव्वा तास? "इमान असतं तर किती टाइम लागंल, त्ये हाय."

मामा, मी घास हातात घेऊन उठून उभा राहिलो! म्हणजे आपल्या टँकरसारखंच झालं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर विहिरीपासूनचं अंतर असतं, येण्याची वेळ असते, फक्त टँकर नसतो. आणि लेकीने दिवाळीला माहेरी तेलगावला यायचं तर आधी समुद्र बघायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? सुंदररावांचा मोबाइल खोटं बोलला नाही, पण त्याच्या भरवशावर पोर देऊ नये, असं मला (केवळ तुमच्या काळजीपोटी) वाटतं.

लहान तोंडी मोठा घास घेतला, सांभाळून घ्यावं.

तुमचा भाचा,
रामकिसन

ता. क. सहज कळवतो. तेलगावहून शिरूरला यायचं तर बीडला एकदाच गाडी बदलावी लागते, आणि त्या गाड्या खरोखर असतात. आई म्हणते, "सख्ख्या भावाची लेक आणायला मला इमान लागत न्हाई." पाऊस झाला, दूध वाढलं, की सोसायटी मला कायम करणार आहे. मामा, शिवकन्या मला द्यावी.

पुन्हा ता. क. (बीडहून). पत्र टाकण्याआधी शिवकन्येला तिच्या कॉलेजच्या फाटकावर दाखवलं. मी फाटकाबाहेरच उभा होतो, गैरसमज नसावा. तिने सगळं नीट वाचलं. अंतर, वेळ, सगळं बरोबर आहे म्हणाली. नंतर पत्र माझ्या हातात देऊन म्हणाली, "हात मागायचा हुता माझा, अन् पत्र नेलंस मुंबईवरून."