न विरघळणारी पावडर आणि माझी भांडी

जाऊबाई,

कागदावरूनच पाया पडते, कारण खरोखरचं वाकायला गुडघे तयार नाहीत. तुमची कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून शेजाऱ्यांना जागं करतो? आमचे हे बरे आहेत. माझं मात्र काही खरं नाही. नोकरी राहते की जाते असा प्रकार झालाय, म्हणून पेन हातात घेतलं. (शुद्धलेखन बघू नका. चौथीनंतर शाळा सुटली, आणि शाळेलाही काही वाईट वाटलं नाही.)

मी औषधांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते हे तुम्हाला माहीतच आहे. तिथल्या मॅडम, वयाने माझ्या थोरलीएवढ्या, तीन वर्षं एकाच पांढऱ्या पावडरीच्या मागे लागल्यात. औषध म्हणे गुणाचं, पण पाण्यात विरघळत नाही, पिठासारखं वर तरंगत बसतं. मी म्हटलं, मग चमच्याने भरवा की लोकांना! तर म्हणाल्या, "मावशी, विरघळल्याशिवाय रक्तात उतरत नाही. गेलं तसं बाहेर येतं." तेव्हापासून मी ह्यांच्या सगळ्या गोळ्या आधी वाटीभर पाण्यात टाकते आणि विरघळल्या की तेच पाणी पाजते. तोंड वाकडं करतात, करू देत.

त्या पावडरीचे मॅडमनी काय हाल केले नाहीत! बारीक दळली, दुसऱ्या कशात वितळवून झटक्यात गार केली, साखरेच्या जातीच्या कशात तरी गुंडाळली. मग सहा काचेच्या भांड्यांत अंगाइतकं कोमट पाणी, प्रत्येकात एक पंखा गरगर फिरतोय, आणि मॅडम घड्याळ घेऊन समोर. पावडर ढिम्म. (आमच्या ह्यांची कुणी लांबची नातेवाईक असावी.)

ती सहा भांडी मी धुते. आधी साबण, मग नळाचं पाणी तीनदा, मग यंत्रातलं शुद्ध पाणी. सोमवारी त्या यंत्राच्या तोटीतून पाणी थेंब थेंबच येत होतं. मला उभं राहायचा कंटाळा. भांडी नळाखाली धरली न धरली, फडक्याने पुसली, चकाकली, ठेवून दिली. (माझ्या भांड्यांना साबण राहतो असं तुम्ही माझ्या लग्नापासून म्हणताय. हसा. हसून झालं की पुढे वाचा.)

मंगळवारी पावडर विरघळली! सहाच्या सहा भांड्यांत! मॅडम आधी ओरडल्या, मग रडल्या, मग मलाच मिठी मारली. म्हणे, "मावशी, तुमच्या हाताला यश आहे!" हाताला काय होतं ते मला ठाऊक. आता शुक्रवारी मोठे साहेब येणार, त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवायचं. नाही जमलं तर मॅडमचं काम बंद.

मी काय गप्प बसणारी आहे? गेले तडक, म्हटलं, "मॅडम, तुमचं औषध सुधारलेलं नाही, मी आळशी आहे. साबण राहिला होता." त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "तेलकट ताट नुसत्या पाण्याला दाद देत नाही, तशीच ही पावडर. आता पोटाला चालेल असा साबण शोधते. वाट तुम्ही दाखवलीत!" आणि पाठ टेकायची खुर्ची दिली मला.

सगळ्यांना आठवण सांगा.

तुमची धाकटी

ता. क. – शेवटचं खुर्चीबिर्ची अजून घडलेलं नाही. आज बुधवार. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले, दोन्ही वेळा "फरशी पुसू का" विचारून परतले. अख्ख्या गल्लीला सुनावते मी, पण त्या पोरीचा आनंद बघितला की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून खरं काम असं, की पत्र आजच हातोहात पाठवते, उद्या सकाळी तुम्ही या. बोलू नका, नुसत्या माझ्या मागे उभ्या राहा, म्हणजे मला परत फिरता येणार नाही.

आणखी एक – येऊ नका. बोलता येत नाही तरी लिहून झालंय, हे जरा उशिरा सुचलं. पहिली पानं मी मॅडमच्या हातात दिली आहेत, हे शेवटचं पान भिंतीला टेकवून लिहितेय. हसतायत. म्हणजे अजून साबणापर्यंत आल्या नाहीत.

आता थांबल्या.

साबण कुठला होता, विचारतायत. वहीही उघडली. जाते.