पट बैलांचा की धुरकऱ्याचा?

रिसोड,
१२ फेब्रुवारी १९७५

प्रिय उकंडराव,

हे पत्र दुर्गावहिनींच्या हाती देतो आहे, त्यामुळे ते पोचेल याची खात्री आहे. तू वाचशील याची नाही. वहिनी बाहेर ओट्यावर बसल्या आहेत. चहाला नको म्हणाल्या, पाण्याचा तांब्याही तसाच झाकलेला आहे. “भाऊजी, आधी लिवा, मंग पाणी पेतो,” म्हणतात. अकोल्याची गाडी चारला आहे. तेव्हा माझ्या मराठीत आज काही उणं दिसलं तर तो दोष एस.टी. महामंडळाच्या वेळापत्रकाचा समज.

अकोल्याच्या दवाखान्यात काय झालं ते त्यांनी सांगितलं. बोटं काळी पडली आहेत, काळेपणा घोट्याच्या वर चढतो आहे. डॉक्टर म्हणतात, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. आणि शुक्रवारनंतर काढून तरी उपयोग होईल की नाही, सांगता येत नाही. यावर तू भिंतीकडे तोंड फिरवून म्हणालास, “लंगडा धुरकरी पटात शोभत नाई. पाय राहू द्या, जीव जात असन तं जाऊ द्या.” वाक्य झोकदार आहे. तर्काला मात्र फार कच्चं आहे, आणि कच्चा तर्क पाहिला की माझा हात शिवशिवतो, हे तुला वाशीमच्या शाळेत एका बाकावर बसल्यापासून ठाऊक आहे. जखमेवर आठवडाभर हळद-चुना बांधून घरी पडून राहण्यामागे कोणतं शास्त्र होतं, हा वाद मी पुढच्यासाठी राखून ठेवतो. माझ्या मागच्या अंगणात सध्या जे चाललं आहे त्याचंही नंतर सांगतो.

तू वाद घातल्याशिवाय काही ऐकत नाहीस, म्हणून मूळ वादाकडेच येऊ. त्या दिवशी टपरीवर ट्रान्झिस्टर चालू होता. मुंबईची कसोटी होती, आणि आमचे व्यायामशिक्षक दौलतसिंग प्रत्येक चेंडूला असे हलत होते की जणू तोच चेंडू त्यांच्या अंगावर येतो आहे. या गृहस्थांनी जन्मभर पोरांना खो-खो शिकवला. खरी बॅट हातात धरलेली मी तरी पाहिली नाही. तू आलास, बशीत चहा ओतलास आणि सुरू झालास. “अकरा जन उन्हात उभे, एक जन फेकते, एक जन मारते. बाकीचे कायले आले? अन् पाच दिवसानं म्हनते, कोनी जितलंच नाई!” मग तू एकेका खेळाची वरात काढलीस. कुस्ती म्हणजे वजनाचा कारभार. हुतूतू म्हणजे दम कोंडायचा, तो तर विहिरीत उतरणारा कोणीही कोंडतो. हॉकीला वाकडी काठी लागते, आणि वाकड्या काठ्या तुझ्या बाभळीला ढीगभर आहेत. या सगळ्यांचा उगाच बोलबाला आहे, खरी कला एकट्या शंकरपटात, बैलांची छकडी पळवणाऱ्या धुरकऱ्याकडे आहे, असा निकालही तूच देऊन टाकलास.

मी माझं नेहमीचं बोललो. वीस वर्षं बोलतो आहे, त्या दिवशी निराळं काही बोललो नाही. जगात सगळ्यांत फुगवलेला खेळ तुझा आहे, कारण त्यात पळतात बैल आणि फेटा मिळतो तुला. पालखीत बसलेल्या माणसाला आपण चांगला चालतो म्हणून कोणी बक्षीस देत नाही. तू हसलास. पण दौलतसिंग हसले नाहीत. सकाळपासून क्रिकेटची निंदा ऐकून ते तापलेले होते. म्हणाले, “बैलाइची सवय हाये ती, उकंडराव. पाखऱ्या उजवा, भोऱ्या डावा. बाजू बदलून जुंपा, मंग पाहू कोनाची कला हाये ते.” जन्मभर उजवीकडे चाललेला बैल डावीकडे जुंपला तर काय होतं, हे तिथे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे चेहरे पाहून मी तुला म्हणालो, हा शुद्ध मूर्खपणा आहे. तुला तोही माझा एक मुद्दाच वाटला. “काहून रे पंडित, भेला काय? जुंपतोच!” एवढं बोलून तू निघून गेलास. माझ्या माहितीत दुसऱ्या कुठल्या मुलखात माणूस वादातला मुद्दा सिद्ध करायला स्वतःची छकडी पणाला लावत नसेल.

शिरपूरच्या पटात, त्या शेतात काय झालं, ते आपल्याला माहीत आहे असं तुला वाटतं. नाही माहीत. तू चाकाखाली होतास. मी बांधावर उभा होतो. झेंडी पडली. अर्धी धाव छकडी सूत धरल्यासारखी गेली, आणि मी दौलतसिंगांचा चेहरा उतरताना पाहिला. त्या वेळी तू जिंकलाच होतास. मग पाखऱ्याला त्याची जुनी बाजू आठवली. तो जुवाखालून आडवा रेटू लागला, भोऱ्या त्याच्या अंगावर गेला, आणि छकडी बायका बसल्या होत्या त्या अंगाला वळली. चाक बांधावर चढलं, तू खाली आलास, छकडी तुझ्या पायावर उलटली आणि बैल तुला तसंच ओढत पुढे निघाले. बायका दाटीवाटीनं बसलेल्या, मांडीवर लेकरं. कोणाला उठायला सवड नव्हती. मी ओरडलो, दौलतसिंग ओरडले, सगळं शेत ओरडलं. बैलांनी एकाचंही ऐकलं नाही.

तेवढ्यात तू बोललास. ओरडला नाहीस, हे मला तुला मुद्दाम सांगायचं आहे. तोंडात माती, पाय चाकात, आणि तू घरी गव्हाणीपाशी बोलावं तसं म्हणालास, “हो रे, भोऱ्या. हो, पाखऱ्या. हो बाप्पा.” दोघंही जागच्या जागी उभे राहिले. पाखऱ्याच्या नाकपुडीतला वारा तुझ्या गोमतीकाकूंच्या पदराला लागत होता. काकू अजून तो पदर हातात धरून दाखवतात. दौलतसिंगांनी त्या दिवसापासून ट्रान्झिस्टर लावलेला नाही.

आता तू म्हणशील, “पंडित दया करून राह्यला.” तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. म्हणून मागच्या अंगणाकडे येतो. तू वहिनींना बैल विकून टाकायला सांगितलंस. त्या दोघांना घेऊन इथल्या बाजारात आल्या. गिऱ्हाइकानं पाखऱ्याच्या पाठीवर थाप मारली, तशी त्यांनी दावं ओढून घेतलं आणि सरळ माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “भाऊजी, त्याइले सांगू नका,” म्हणाल्या. मी त्यांचं ऐकलं होतं. आता ऐकत नाही. तुझे बैल माझ्या अंगणात तुळशीच्या दोन्ही अंगांना बांधलेले आहेत. शेजारीण प्रयागबाई कुंपणावरून विचारतात, “गुर्जी, शाळा सोडली काय?”

परवा मी त्यांना पाण्यावर न्यायला निघालो. हसू नकोस, जखम दुखेल. दोन्ही पाय धड, दोन्ही हातांत कासरा, आणि आवाज तर तीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत संस्कृतची रूपं पोचवून कमावलेला. विहिरीच्या वळणावर पाखऱ्यानं कान हलवले, आणि पुढचं मला आठवतं ते प्रयागबाईंच्या तुरीच्या गंजीत पडल्यापासून. “थांबा” म्हणालो, “हो” म्हणालो, तुझ्यासारखं “बाप्पा” सुद्धा म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. आपणहून पाणी प्याले आणि आपणहून अंगणात येऊन उभे राहिले. मला मात्र घरी यायला प्रयागबाईंच्या खांद्याचा आधार लागला.

आमच्या न्यायशास्त्रात कारण शोधायची एक साधी कसोटी आहे. एक वस्तू बाजूला काढायची आणि तरी काम होतं का ते पाहायचं. त्या दिवशी शिरपूरला तुझ्याजवळ पाय नव्हता, कासरा नव्हता, बसायला छकडीसुद्धा धड नव्हती, तरी बैल थांबले. परवा माझ्याजवळ हे सगळं होतं. बैल थांबले नाहीत. मग पटाची कला कशात आहे? तुझ्या पायात असती तर ती त्या दिवशी चाकाखाली चिरडली असती. क्रिकेटवाल्याचा खांदा गेला तर खेळ गेला. मल्लाची कंबर गेली तर खेळ गेला. तुझ्या खेळात पायाचं काम छकडीवर चढण्यापुरतं, आणि चढवायला दोन माणसं मिळतात. लंगडा धुरकरी शोभत नाही म्हणतोस. मेलेला कसा शोभतो, ते कुठल्या पटात पाहिलंस?

मी वीस वर्षं जे म्हणत होतो ते चूक होतं. हे वाक्य इथे लिहिलं आहे, पण त्याला काही अर्थ नाही, कारण कागदावर हरणं सोपं असतं. ते मला टपरीवर, बशीतला चहा तुझ्या हाती असताना, मोठ्यानं म्हणायचं आहे. दौलतसिंगांनाही काही म्हणायचं आहे. ते आज वहिनींबरोबर येताहेत, शाळेला रजा टाकून. वहिनींनी मला तुझी समजूत घालायला सांगितलं. समजूत घालणं मला येत नाही, आणि नुसत्या समजुतीसाठी मी हे लिहिलंही नसतं. उकंडा, ज्याच्याशी भांडायला मजा येते असा या मुलखात मला एकच माणूस आहे, आणि तो एका पायासाठी भिंतीकडे तोंड करून पडला आहे. शुक्रवारी डॉक्टर विचारतील तेव्हा तोंड इकडे कर आणि हो म्हण. बैलांना तू जे म्हणालास तेच, तेवढ्याच आवाजात. मी बाहेर व्हरांड्यात असेन. उद्या संध्याकाळच्या गाडीनं निघतो आहे. बैलांकडे तोवर प्रयागबाईंचे यजमान पाहतील. फक्त त्यांना एक सांगायला हवं, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला नक्की सांगता येत नाही: इतक्या उलथापालथीनंतर आता पाखऱ्याला कोणत्या अंगाला बांधायचं?

वाट पाहणारा, तुझाच
नीळकंठ

ता. क. लिहून झालं म्हणून बाहेर सांगितलं. वहिनी पाणी पीत आहेत.