हळदीकुंकवाला आलेल्या माश्या

मेढा

आदरणीय लालासाहेब पाव्हणे यांना आकारामचा रामराम. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींना नमस्कार सांगा. तुमची बहीण राजेश्वरी रहिमतपूरला तुमच्याकडे सुखरूप पोचली असेलच. ती फोन उचलत नाही आणि तिच्या धाकाने तुम्हीही उचलत नाही, म्हणून हा कागद.

भांडण तिने तिखटमीठ लावून सांगितले असेल. झाले ते एवढेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका घरामागच्या परड्यात बसवा आणि वाण म्हणून घरच्या मधाच्या बाटल्या लुटा, ही सूचना माझी. (फौजेतही मी सूचना करायचो. तिथेही असेच व्हायचे.) आता डोक्यात गजरा, हाताला अत्तर, वर गुलाबपाणी, अशी बाई मधपेटीपासून दोन हातांवर बसली तर माशीने तिला फुलझाड समजू नये तर काय समजावे? शेजारच्या धोंडुबाई "आगं बया, माजं नाक!" करत रस्त्यापर्यंत गेल्या आणि बाकीच्या त्यांच्या मागे. राजेश्वरी म्हणाली, "ह्या माश्या तरी ऱ्हातील, न्हाईतर मी." मी विचार करायला थोडा वेळ मागितला, तेवढ्यात तिने पिशवी भरली.

पाव्हणे, तुम्हीच न्याय करा. गांधीलमाशी एकाच माणसाला चारदा डसून मजेत निघून जाते. मधमाशी एकदा डसली की स्वतःच मरते, म्हणजे धोंडुबाईंपेक्षा नुकसान तिचेच जास्त. पोपट कणसे अर्धी खाऊन टाकतात, वटवाघळे पेरू ठेवत नाहीत. फुलपाखराचे लोक फोटो काढतात, पण त्याने कुणाला चमचाभर काही दिलेले मी पाहिले नाही. कबूतर घरी परतते, कबूल, पण सगळा पत्रा घाण करते. मधमाशी लांब शिवारात जाऊनही संध्याकाळी आपल्याच पेटीत येते, कुणाला बोलवायला जावे लागत नाही. हे वाक्य राजेश्वरीला मोठ्याने वाचून दाखवा.

तेव्हा पेट्या हलवायचा प्रश्नच येत नाही.

तुमचा,
आकाराम

ता. क. पेट्या रिकाम्या आहेत. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखालच्या वाट्यांत रोज पाणी लागते. ते राजेश्वरी घालत होती, मला पत्ताच नव्हता. वाट्या आटल्या, मुंग्या शिरल्या आणि राणीसकट सगळ्या माश्या उडून गेल्या. परड्यात आवाज नाही, घरातही नाही. लय सुनं वाटतंय.

दुसरा ता. क. रविवारी तिला न्यायला येतोय. ते बोलवायला जावे न लागण्याचे वाक्य तेवढे वाचू नका.